नाट्यशास्त्राची पदवी: सात वर्षं तिच्यावर पोट भरल्यानंतरचा अभिप्राय

मागच्या महिन्यात कणकवलीहून एका वहिनींचा फोन आला. त्यांची मुलगी बारावीला आहे. शाळेच्या एकांकिकेत तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून तिनं नाट्यशास्त्रालाच जायचा धोशा लावलाय. वहिनींनी आडवळण न घेता विचारलं, "तू ताच शिकलंस मा गो? मगे सांग, घालू काय तिका? तीन वर्सां आणि पैशे फुकट जायत नाय मा?"

मी तेव्हा नाशिकला कालिदास कलामंदिराच्या विंगेत हातात क्यूशीट (कुठला दिवा कधी बदलायचा त्याचा कागद) घेऊन उभी होते. तिसऱ्या घंटेला दहा मिनिटं होती. "रात्री सांगते" म्हटलं आणि परतीच्या बसमध्ये उत्तर लिहायला बसले. ते लांबतच गेलं. तेच उत्तर नीट करून इथे देतेय, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच घरांतून तरी येतो.

आधी माझं माप सांगते. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात मी २०१५ ला प्रवेश घेतला, २०१८ ला पदवी मिळाली. नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि ज्यांनी मला शिकवलं त्यातले बरेच जण आता तिथे नाहीत. फी तेव्हा वर्षाला १६,००० च्या आतबाहेर होती. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, येणंजाणं धरून तीन वर्षांत घरचे साधारण २ लाख ७० हजार रुपये गेले. बाबा एसटीत वाहक. त्यांनी सोसायटीतून कर्ज काढलं, ते २०२२ मध्ये फिटलं. शेवटचे तेरा हप्ते मी भरले. हे सगळं लक्षात ठेवून मी त्या पदवीला पाचपैकी साडेतीन तारे देते. दोन फक्त बॅकस्टेजच्या पाळीचे, एक आवाजाच्या तासाचा, अर्धा ग्रंथालयाचा. उरलेले दीड कापले ते पैशांविषयी तिथे बाळगलेल्या मौनापायी.

बॅकस्टेजची पाळी म्हणजे काय ते सविस्तर सांगायला हवं, कारण माहितीपत्रकात ती नसते आणि माझं सगळं पोटपाणी तिच्यावर चाललंय. आमच्याकडे प्रत्येक निर्मितीची भूमिकावाटणी फळ्यावर लागायची आणि तिच्याखाली दुसरी यादी असायची: नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा, प्रॉपर्टी (प्रयोगात लागणाऱ्या वस्तू), तिकीटबारी. ज्याला भूमिका नाही त्याला खालच्या यादीत काम, आणि ज्याला भूमिका आहे त्यालाही प्रयोगानंतर सेट उतरवायचं काम. त्यातून कुणाची सुटका नव्हती. तीन वर्षांत मी १४ निर्मितींत होते, त्यातल्या पाचांत भूमिका केली. पहिल्या वर्षी फळ्यावर वरच्या यादीत नाव नसलं की मी हॉस्टेलवर जाऊन रडत असे. दुसऱ्या वर्षीपासून खालची यादी आधी वाचायला लागले.

प्रकाशयोजनेच्या पहिल्या महिन्यात सरांनी आम्हाला एकच काम दिलं होतं. रिकाम्या रंगमंचावर एक लाकडी खुर्ची, आणि एका वेळी एकच दिवा. समोरून, मग डाव्या बाजूनं, मग मागून, मग थेट डोक्यावरून. प्रत्येक वेळी त्या खुर्चीवर कोण बसून गेलं असेल असं वाटतं, ते वहीत लिहायचं. मागच्या दिव्यात मला ती खुर्ची, घरचं माणूस नुकतंच गेलंय अशा घरातली वाटली. तसं लिहिलं, वाचून दाखवलं. सर म्हणाले, "बरोबर. दिवा किती उंचीवर होता?" मला सांगता येईना. त्यांनी शिडी आणायला लावली, वर चढवलं, टेप धरायला लावली. साडेअकरा फूट. मग त्यांनी तोच दिवा आठ फुटांवर आणला, आणि खुर्ची एकदम कचेरीतली झाली. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक भावनेशेजारी एक आकडा असतो. आज कुठल्याही नाट्यगृहात शिरले की नजर आधी दिवे टांगायच्या वरच्या बारकडे जाते.

दुसरी गोष्ट आवाजाची. मॅडमनी पहिले दोन महिने आम्हाला एक संवाद बोलू दिला नाही. श्वास, ओंकार, स्वर, व्यंजनं, आणि रोजच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख एका श्वासात कुठवर जातो त्याची खूण. मी सिंधुदुर्गातली, बोलण्यात हेल. एका सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हा हेल गेल्याशिवाय तुला भूमिका मिळणार नाहीत. मॅडमना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "हेल घालवू नकोस. तो काढून ठेवता आला पाहिजे आणि परत घालता आला पाहिजे, चपलेसारखा." मी दोन वर्षं तेच शिकले. मला ऑडिओबुकचं पहिलं काम मिळालं ते ज्या पात्रांसाठी मालवणी हेल हवा होता त्यांच्यामुळे, आणि उरलेलं निवेदन प्रमाण मराठीत जमलं म्हणून सबंध पुस्तक मिळालं. या एका तासाची किंमत मी तीन वर्षांच्या फीइतकी धरते.

सिद्धान्ताच्या तासांना मुलं कंटाळतात, मीही कंटाळत असे. पण भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय माझ्या रोजच्या उपयोगाचा निघाला. त्यात नाट्यगृहाचे आकार आहेत, विकृष्ट (लांबट), चतुरस्र (चौरस), त्र्यस्र (त्रिकोणी), आणि प्रत्येकाची मापं आहेत. माणसांसाठी मध्यम आकाराचं नाट्यगृह चांगलं, कारण फार मोठ्या जागेत बोललेलं नीट कळत नाही आणि तोंडावरचे भाव दिसत नाहीत, असं तिथे कारणासह दिलंय. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नंतर एका एकांकिकेचे दिवे सव्वाशे माणसांच्या खोलीत बसवले, आणि तीच एकांकिका अंतिम फेरीत मोठ्या नाट्यगृहात गेली तेव्हा माझ्या हाताखालची सगळी मांडणी पातळ झाली. शेवटच्या रांगेत जाऊन बसले तर नायिकेचे डोळेच दिसत नव्हते. मग बाजूचे दिवे वाढवले, समोरचा उजेड कमी केला, तिला दोन पावलं पुढे आणायला दिग्दर्शकाला विनवलं. तेव्हा तो अध्याय खरा कळला.

इतिहासाच्या पेपरबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास आम्हाला ५ नोव्हेंबर १८४३ पासून शिकवला, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तिथून. ते योग्यच. पण माझ्या आजोनं, म्हणजे आजोबांनी, ज्यात अख्खी उमर घातली तो कोकणातला दशावतार 'लोकनाट्य' या मथळ्याखाली अर्ध्या पानात संपला. 'वैशिष्ट्ये लिहा', गुण दहा. सूत्रधार, गणपती, रिद्धीसिद्धी, संकासुर. झालं. दशावतारात लिखित संहिता नसते, आख्यान तेवढं ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. रंगमंचावर एक बाकडं असतं आणि तेच सिंहासन, तेच अरण्यातला दगड होतं. नट स्वतःचा रंग स्वतः लावतो आणि पखवाज, पायपेटी, झांजेच्या भरवशावर पहाटेपर्यंत उभा राहतो. हे कौशल्य म्हणून कुणी शिकवलं नाही. आम्ही उत्स्फूर्त अभिनयाचे व्यायाम परदेशी पुस्तकांतून केले. शंभर-सव्वाशे मैलांवर तेच काम जत्रेच्या रात्री माणसं करत होती, त्यांना एक दिवस विभागात बोलावणं अवघड नव्हतं.

आजो स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकांच्या भूमिका करायचे. तारामती, द्रौपदी, सगळ्या केल्या. मी पदवीचा कागद घेऊन घरी गेले तेव्हा त्यांनी तो हातात धरून बघितला, परत दिला आणि विचारलं, "तुका नाइट किती गावता?"

नाइट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. दशावतारातही नाइट आणि मुंबईच्या व्यावसायिक नाटकातही नाइट, शब्द एकच. मला सांगता आलं नाही. कुणी सांगितलंच नव्हतं की किती मागायची असते, कधी मागायची असते, कुणाकडे मागायची असते. आजो म्हणाले, "मगे तीन वर्सां तुका शिकवल्यानी काय?"

दीड तारे का कापले ते हे. तीन वर्षांत पैशांवर एकही तास झाला नाही. उलट पैशाचं नाव काढलं की 'आधी काम शिका' असं उत्तर मिळे, आणि आम्ही ते खरं मानून मान खाली घालत असू. त्याची किंमत काय ते पदवीनंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं. मुंबईत एका नाटकात बदली कलाकार आणि बॅकस्टेज अशा दुहेरी कामावर लागले. नाइट ८०० ठरली, तोंडी. ११ प्रयोग झाले, चारांचं पाकीट मिळालं. उरलेल्या सातांसाठी मी पाच महिने फोन केले. निर्माता कोण, नाटक कोणतं, ते सोडून द्या. माझ्याकडे कागद नव्हता, आणि कागद मागायचा असतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी सेट लावणाऱ्या एका ज्येष्ठ रंगमंच कामगार काकांनी चहा पाजून सांगितलं, "बाळा, पाकीट त्याच रात्री घ्यायचं. मेकअप उतरवायच्या आधी." आजोंनीही नंतर अगदी हेच सांगितलं.

यानंतर मी जे एकेक करून शिकले ते सगळं विभागात एका सत्रात शिकवता आलं असतं. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आमच्या चौघांच्या गटानं पहिलं दोन अंकी नाटक बसवलं, नाट्यगृहाची तारीख घेतली, आणि प्रयोगाच्या वीस दिवस आधी हे कळलं. धावपळ करून मिळालं, पण त्या वीस दिवसांत तालमीपेक्षा कागदच जास्त हाताळले. तिकिटाचं तसंच. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की लागतो. तिकीट लावताना हा आकडा ठाऊक नसेल तर हिशेबच बसत नाही. मानधनातून कापलेला टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) विवरणपत्र भरून परत मागता येतो हे मला दुसऱ्या वर्षी एका सहकलाकाराच्या बहिणीनं सांगितलं. पहिल्या वर्षाचे साडेतीन हजार मी तसेच सोडून दिले होते. आणि केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. मला ती कळली तेव्हा मी २६ वर्षांची होते. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या वर्गातल्या निदान चार-पाच जणांनी अर्ज केला असता.

तुलनेसाठी एक जागा सांगते, कारण ती मी स्वतः जाऊन पाहिलीय. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ साली नीनासम सुरू केलं, १९८० पासून तिथे नाट्यशिक्षण संस्था आहे, आणि १९८५ पासून तिरुगाट ही फिरती नाटकमंडळी. मंडळी वर्षातले काही महिने नाटकं बसवते आणि मग कर्नाटकभर गावोगाव प्रयोग करत फिरते. संस्थेत शिकून बाहेर पडलेल्या मुलांना पगारी नट म्हणून उभं राहायला ती जागा मिळते. सुपारीच्या बागांमधल्या त्या नाट्यगृहात मी प्रयोग पाहिला तेव्हा शेजारी एक शेतकरी आजोबा बसले होते आणि त्यांना मागच्या वर्षीच्या नटांची नावं पाठ होती. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही स्वतःची रंगमंडळी आहे, शिवाय १९८९ पासून मुलांसाठी काम करणारी संस्कार रंग टोली आहे. आमच्याकडे पदवीच्या शेवटच्या प्रयोगाचा पडदा पडला त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मराठीत विद्यापीठाला जोडलेली एक फिरती मंडळी असावी, वर्षाला दहा-बारा मुलांना साध्या पगारावर ठेवणारी, असं मला फार वाटतं. कोकणात तर जत्रांचं आयतं वेळापत्रक आणि प्रेक्षक तयार आहे.

आता वर्गाचं. आम्ही १८ जण होतो. आज फक्त नाटकावर जगणारे तिघे आहोत. पाच जण मालिका आणि डबिंगमध्ये, चौघे शाळा-महाविद्यालयांत नाट्यशिक्षक, दोघे स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी नोकरीत, एक जण घरच्या सराफी दुकानात. तिघांचा ठावठिकाणा मला माहीत नाही. आमच्यातला सगळ्यात उत्तम नट सरकारी नोकरीत आहे, आणि त्याला मी अजूनही दर वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी फोन करते.

माझं वर्ष कसं जातं ते सांगते, म्हणजे वहिनींना अंदाज येईल. पावसाळ्यात प्रयोग कमी असतात, पण तेव्हाच महाविद्यालयांच्या एकांकिका सुरू होतात. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, त्याच्या प्राथमिक फेऱ्यांसाठी पोरं जुलैपासून तालमींना बसतात. मी दोन-तीन संघांचे दिवे करते, एकांकिकेमागे ५,००० ते ८,००० मिळतात, बक्षीस आलं तर पेढेही. नोव्हेंबर-डिसेंबरात सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचे संघ. डिसेंबर-जानेवारी शाळांची स्नेहसंमेलनं, कंटाळवाणी वाटतात पण रोख पैसे तिथेच. एप्रिल-मेमध्ये मुलांची शिबिरं, दहा दिवसांचे १८,००० मिळतात, आणि शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकाच्या लाइट ऑपरेटिंगची नाइट, सध्या १,५००. दोन ऑडिओबुकांचं वाचन मधल्या दिवसांत. मागच्या आर्थिक वर्षात सगळं मिळून ३ लाख ८० हजार हातात आले. कळव्याला दोघींबरोबर भाड्याच्या घरात राहते. यात आजारपणाची तरतूद मी स्वतः विमा काढून केली, कारण आम्हाला रजा नसते. ताप असला तरी तिसरी घंटा होते.

अभिनय सुटला का, असं विचाराल. सुटला नाही, कमी झाला. वर्षाला एखादी भूमिका होते, बहुतेक प्रायोगिक नाटकात. पदवी घेताना मला नटीच व्हायचं होतं आणि त्या अपेक्षेनं मोजलं तर कुणी म्हणेल पैसे वाया गेले. मी तसं म्हणत नाही. डिमरवर (दिव्यांचा उजेड कमीजास्त करायच्या यंत्रावर) हात ठेवून मी नटाबरोबर श्वास घेते. तो वाक्याआधी किती थांबणार ते मला कळतं, कारण मी तिथे उभी राहिलेय. ज्यांनी फक्त यंत्र शिकलंय त्यांचा क्यू क्षणभर उशिरा पडतो. ही जाण मला त्या तीन वर्षांनी दिली, आणि निर्माते मला परत बोलावतात ते तिच्यासाठी.

२०२० च्या मार्चात नाट्यगृहं बंद झाली. मध्ये काही महिने अर्ध्या क्षमतेनं उघडली, पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. तो बहुतेक काळ मी गावी होते. दशावतारही थांबला होता. आजोंनी आपला पत्र्याचा पेटारा माळ्यावरून काढून घेतला आणि मला रंग लावायला शिकवलं. सफेदा खोबरेल तेलात मळायचा, तो गळ्यापर्यंत न्यायचा, भुवई उदबत्तीच्या काडीनं काढायची. रोज दुपारी आम्ही दोघं ओटीवर आरसा लावून बसत होतो. ते म्हणाले, "आपलो पेटारो आपणच बांधूचो. कोणी बांधून दिलो तर रातीक काय गावाचा नाय." विभागात रंगभूषेचा जो तास होता त्यात तयार ट्यूबा होत्या, त्यांचा रंग घामानं किती वेळात उतरतो हे कुणी पाहिलं नव्हतं. आजोंचा रंग पहाटे पाचपर्यंत टिकायचा. ते आज ८१ वर्षांचे आहेत आणि माझी नाइट वाढली की नाही ते दर फोनवर विचारतात.

तर वहिनी, घाला मुलीला. पण प्रवेश घ्यायच्या आधी तिला घेऊन विभागात एक दिवस जा, आणि रिकामा दिवस नको, तालमीचा दिवस निवडा. मुलं सेट स्वतः लावतात का बघा. बाहेरून माणसं येऊन लावत असतील तर तिथे पाठवू नका. प्रकाशाच्या खोलीत जाऊन किती दिवे लागतात ते विचारा. किती आहेत असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी मोठं असतं. ग्रंथालयाचं पुस्तक देण्याचं रजिस्टर बघायला मागा. मागच्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या दोन मुलांचे नंबर घ्या आणि त्यांना एकच विचारा: पहिल्या सहा महिन्यांत भाडं कुठून भरलं? शुक्रवारी आणि रविवारी मुलांना शहरातली नाटकं बघायला सोडतात का तेही विचारा. आमच्याकडे हॉस्टेलचं दार रात्री नऊला बंद व्हायचं आणि नाटक साडेनवाला सुरू व्हायचं. तीन वर्षांत मी नाट्यगृहात जाऊन फक्त २३ नाटकं पाहिली, हे फार कमी आहे.

घरची पहिल्या दोन वर्षांची तयारीही हवी. पदवीनंतर दोन वर्षं तिला तुमच्याकडून महिन्याला चार-पाच हजार लागतील असं धरून चाला. तेवढं जमणार नसेल तर तिला कणकवलीलाच पदवी करू द्या आणि तिथल्या संघातून स्पर्धा खेळू द्या, नंतर कुठलाही एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. पण फक्त मालिकेत दिसायचं असेल तर ही तीन वर्षं तिला लांब वाटतील, हेही तिच्याशी बोलून घ्या.

प्रवेशाच्या चाचणीला दोन उतारे पाठ करून न्यायला सांगा, एक प्रमाण मराठीतला आणि एक मालवणीतला. लाजू नको म्हणावं. माझ्या वेळी मी मालवणी बोलले नाही आणि परीक्षकांनीच शेवटी विचारलं, "घरी कशी बोलतेस ते बोलून दाखव."

पुढच्या दौऱ्यात आमचा प्रयोग कुडाळला लागला की कळवते. तिला संध्याकाळी नको, दुपारी दोनलाच पाठवा, टेम्पोतून सेट उतरतो तेव्हा. मला शिडी धरायला कुणीतरी लागतंच.